नमुना तापातच घ्यावा

गाडी सत्त्याण्णवची, झेन.
कधी सुरू होते, कधी होत नाही.
हे ‘कधी’ पकडायला मी दुधाच्या हिशेबाची जुनी वही घेतली,
मागच्या कोऱ्या पानांवर रकाने आखले:
तारीख, जागा, इंजिन गार की गरम,
टाकीत किती, शेजारी कोण.

सिव्हिलच्या लॅबमध्ये एकतीस वर्षं
काचपट्ट्या रंगवल्यावर
माणूस गाडीशीही असाच वागतो.

बारा नोव्हेंबर, गंगापूर रोड, गार. किल्ली फिरवली. टक.
एकच टक, मग काही नाही.
पुन्हा फिरवली तर लगेच सुरू,
जसं काही घडलंच नव्हतं.
एकोणीस नोव्हेंबर, भद्रकालीतून भाजी घेऊन निघताना, गरम. टक.
अठ्ठावीस डिसेंबर, निफाडला पारा सहावर,
सगळी कॉलनी म्हणाली आज नाहीच होणार.
पहिल्या फटक्यात झाली.

वहीवरून असं दिसतं, की ती
मंगळवारी जास्त अडते,
आणि वन्सं शेजारी बसल्या असतील तर हमखास.
वन्संना हे सांगितलेलं नाही.

औषधं सगळी झाली.
बॅटरी नवी. पेट्रोलचा पंप उगाचच बदलला.
खालच्या मजल्यावरचे धात्रक म्हणाले, तोंड दक्षिणेला लावता म्हणून.
तोंड वळवलं. फरक इतकाच,
की सकाळचं ऊन आता स्टिअरिंगवर पडतं
आणि हात भाजतात.

वडाळा नाक्याला, इद्रीसभाईंच्या गॅरेजात
चारदा नेली, चारही वेळा
एका हाकेत उठली.
“मॅडम, हिला काहीच झालेलं नाही.”
हे वाक्य माझ्या ओळखीचं आहे.
किती जणांना मीच लिहून दिलंय:
जंतू आढळले नाहीत.
आणि दुसऱ्या दिवशी तोच माणूस
बाहेरच्या बाकावर, कांबळ्यात, दात वाजवत.

मलेरियात बोट कधी टोचायचं
हे आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं.
बरं वाटतंय तेव्हा नाही.

म्हणून नवव्या नोंदीला,
द्वारका चौकाच्या अलीकडे,
वन्सं मनुका घेऊन परत बसल्या, मागे सिन्नरची एसटी
हॉर्नवर हात ठेवून उभी,
टक.
मी दुसऱ्यांदा किल्ली फिरवली नाही.
हे वाटतं त्याहून फार अवघड असतं.
धक्का द्यायला धावले त्यांना म्हटलं, शिवू नका.
वन्सं उतरू लागल्या. म्हटलं, हलू नका.
आणि फोनवर म्हटलं, इद्रीसभाई,
आत्ता चढलाय ताप. आत्ता या.

आले, स्कूटरवर, पायाशी वायरचं भेंडोळं.
एक चिमटा बॅटरीच्या वजाला,
दुसरा थेट इंजिनच्या उघड्या धातूला.
“मारा.”
मारली. उठली.
चिमटा काढला. टक.
लावला. उठली.
तीनदा केलं.
तीनदा करून बघावं, हे त्यांना कुणी शिकवलं असेल?

“अर्थ मिळत नव्हता हिला,” ते म्हणाले,
“बाकी सगळं होतं.”

बॅटरीच्या ट्रेखालून पट्टी निघाली,
तांब्याची, वेणीसारखी विणलेली,
टोकाला मोरचुदासारखी हिरवी पूड.
शेसव्वाशे तारांतल्या चार-पाच
कशाबशा धरून होत्या.
गाडी कलेल तशा त्या टेकत, किंवा टेकत नसत.
म्हणजे मंगळवार निर्दोष,
दक्षिण दिशा निर्दोष.
वन्संचं मात्र तसं म्हणता येत नाही,
वजन डावीकडे पडतं.

नवी पट्टी, दोन बोल्ट, पॉलिश पेपर,
एकशे ऐंशी रुपये.
जुनी मी मागून घेतली,
काचपट्ट्यांच्या रिकाम्या डब्यात आहे.

अकरा आठवडे वहीत नोंद नाही.
किल्ली धरून मी अजून क्षणभर थांबते,
कान देऊन.

काल वन्संना म्हटलं, पुढे बसा.
“आज एवढा आग्रह?”
मंगळवार होता.