फिस्कालची वही

बाबांच्या मागे उरलं ते असं:
दोन मेंढ्या, त्यातली एक आंधळी होत चाललेली,
बटाट्याचं चिमूटभर शेत,
कसर लागलेला लोकरी कोट
आणि चर्चची किल्ली,
वीतभर लांब, जानेवारीतही गार.

पाद्री या बेटावर वर्षातून एकदा येतो,
समुद्र हो म्हणेल त्या आठवड्यात.
बाकीचे एक्कावन्न आठवडे
देव माझ्या बाबांच्या ओळखीवर राहायचा.
फिस्काल म्हणत त्यांना. पगार शून्य.
जपमाळ सांगायची, मेलेल्याला पोचवायचं,
तान्हं हातचं जाऊ लागलं तर बाप्तिस्मा द्यायचा,
आणि पावसात (इथे तो दहा महिने असतो)
घंटेचा ओला दोर चुलीवर वाळत घालायचा.

मी सॅमनच्या कंपनीत.
पुएर्तो मोंतला फ्लॅट, गाडी हप्त्यांवर.
पिंजऱ्यांतले मासे मोजतो,
मेलेले वेगळे, जिवंत वेगळे.
मोजण्यात माझा हात धरणारा कुणी नाही.

म्हणून तिसऱ्या दिवशी, माणसं पांगल्यावर,
बिस्किटांचा पत्र्याचा डबा उघडला.
सहा वर्षांपूर्वी कंपनीनं आमची किनारपट्टी घेतली होती,
धक्क्यासाठी. रक्कम मला तोंडपाठ.
डब्यात पैसे नव्हते.
वही होती.

डावीकडे 'दिले', उजवीकडे 'मिळाले'.
अक्षर असं, जणू नांगर पहिल्यांदाच धरलाय.

दिले: ओदिलियाच्या मुलीला बाप्तिस्मा,
घाईत, किटलीतल्या पाण्यानं.
नाव विचारायला वेळ नव्हता. मी लूस ठेवलं.
मिळाले: तिच्या आईनं माझा हात धरला,
उजाडेपर्यंत सोडला नाही.

दिले: काइचेओ भावांना एका बाकावर बसवलं,
सतरा वर्षांनी.
मिळाले: थोरल्यानं धाकट्याला गाण्याचं पान काढून दिलं.
बोलले नाहीत. चालेल.

दिले: किनारपट्टी.
मिळाले: लाकडी कौलं, तीन हजार दोनशे.
उत्तरेची भिंत झाली.

आधी हसू आलं. मग राग.
उत्तरेची भिंत!
तिकडून माणूस येत नाही,
तिकडून नुसतं वादळ येतं.
समोरची बाजू रंगवली असती
तर निदान प्रवाशांनी फोटो काढले असते.

पानं उलटत राहिलो.
माझं नाव शोधत होतो, खोटं कशाला बोलू.
सापडलं.

दिले: एरास्मो, धाकटा. सकाळच्या होडीनं.
मिळाले:

पुढे कोरं.
खाडाखोड नाही, रेघ मारून हिशेब मिटवलेला नाही,
फक्त चार ओळींची जागा सोडलेली.

संध्याकाळी दोन्या एदुविखेस आली,
टोपलीत अंडी, चपलांना चिखल.
"रविवारी घंटा कोण वाजवणार, असं मी विचारत नाहीये,"
ती म्हणाली,
"दोर भिजलाय, एवढंच सांगते."

मी भाविक नाही.
जपमाळेतलं तिसरं रहस्य कुठलं, आठवत नाही.
तरी कोट चढवला, बाबांचा,
आणि कुंपणाकुंपणानं गेलो.

आत तेच छत, पालथ्या होडीसारखं,
निळ्यावर पांढरे तारे, दोन-तीन गळून पडलेले.
लाकडी ख्रिस्ताच्या गुडघ्याचा रंग गेलेला,
लोकांनी हात लावून लावून.
कुणीतरी मेणबत्ती लावून गेलं होतं.

बाहेर वारा उत्तरेवर डोकं आपटत होता.
पोरवयात मी इथे ज्योतीभोवती
तळहातांचा आडोसा धरून उभा राहायचो,
बाबा वाचेपर्यंत.
आता ज्योत सरळ होती.
हलतच नव्हती.

किती वेळ बघत राहिलो, सांगता येत नाही.
मोजण्यासारखं तिथे काही नव्हतं.

मग दोर सोडवला,
कोटाच्या आत, छातीशी घेतला.
पाणी ओघळत पोटापर्यंत गेलं.
दार बंद करताना किल्ली फिरेना,
आणि हाताला आठवलं:
फुगलेलं लाकूड आहे,
आधी आपल्याकडे ओढायचं असतं.