ळ

मे महिन्यातला दुसरा सोमवार, इंदूर,
छावणीतल्या शाळेचा संगणक कक्ष.
अडतीस शिक्षक, बावीस संगणक,
आणि एक कूलर,
हवा कमी, गाऱ्हाणी जास्त.

दारातल्या हजेरीच्या यंत्राने
माझा अंगठा तीनदा नाकारला.
सत्तावीस वर्षं खडू धरला,
रेषा झिजल्या असतील.
शेवटी करंगळीची नोंद केली. हिरवा दिवा.
म्हणजे मी आले.

अंशुल सर, वय फार तर सव्वीस,
"मॅडम, डरिए मत, कुछ टूटेगा नहीं."
मी घाबरले नव्हते. मी बघत होते
त्यांच्या मुठीतला माउस, किती सैल,
जसं चिमणीचं पिल्लू धरावं.
माझ्या हातात तोच वरवंटा होतो.

शेजारी शबाना कुरैशी, गणिताची.
तिने पहिल्या तासात वर्तुळ काढलं
आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत
ते लहानमोठं करत बसली.
"देखो टोकेकर, कंपास की नोक का
छेद ही नहीं पड़ता."
हे ती खुशीत म्हणाली की नाही, कळलं नाही.

मला दिलेलं काम: एक पान, तुमच्या विषयाचं.
रोमन अक्षरं दाबायची,
यंत्र आपलं आपण ओळखतं.
मी फळा लिहिला. त्याने फला केलं.
शाळेची शाला. पोळीची पोली,
डोळ्याचा डोला.
काळ लिहिला तर काल आला,
तेही एक वेळ खरंच म्हणायचं.
मग मूळ लिहिलं
आणि पडद्यावर उमटलं मूल.
हे मात्र मी लगेच पुसलं नाही.

"ल से चला लीजिए ना, बच्चे समझ जाएँगे."
मुलं समजतीलच, सर.
माझ्या आठवीत मराठी घेणारी अकरा,
त्यातली सात ल-च म्हणतात.
यथार्थ मालवीय तर स्पष्ट सांगतो,
"मॅडम, इसके लिए जीभ उलटी करनी पड़ती है."
हो रे बाबा. तेवढंच तर शिकवतेय.

चहाच्या वेळी पोहे आले,
बोटाला जीरावण लागलं,
तेच बोट नंतर संगणकावर सरकेना.
शबाना हसली. मी पदराला पुसलं.

तिसऱ्या दिवशी कपाटात सापडला
शिरढोणकर बाबूंचा जुना कळफलक.
बाबू निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली,
बटणांवर त्यांनी डकवलेल्या चिठ्ठ्या मात्र शाबूत,
बारीक, हिशेबी अक्षरात.
एका बटणावर खाली ल,
आणि वर, माळ्यावर ठेवल्यासारखा, ळ.
एकाच घरात राहत होते दोघं.
डाव्या हाताने शिफ्ट दाबून धरायचं,
उजव्याने हाक मारायची.

"अरे, ये तो मुझे भी नहीं मालूम था,"
अंशुल सर खुर्ची ओढून बसले
आणि त्यांनी सेटिंग बदलून दिलं.
मग मी अख्खं पान भरलं:
केळं, गोळा, जवळ, वेळ, आभाळ, ढवळाढवळ.
धड्याशी संबंध काही नाही.
आगगाडी मिळालेल्या पोरासारखी
नुसती पळवत होते.

जुलैत वर्गात मोठा पडदा लागला.
ळ केवढा तरी झाला, दारातून दिसेल एवढा.
यथार्थने बोटाने तो गिरवला,
मागे येऊन बोट बघितलं,
पँटला पुसलं.
"बोल," मी म्हटलं.
जीभ उलटी करताना त्याचे डोळेही वर गेले.
आला नाही. जवळपास आला.

तास संपला.
सवयीने मी दोन्ही हात झटकले.
काहीच उडालं नाही.
पहिल्या बाकावरची ओजस्वी पण
डोळे घट्ट मिटून
मागे सरकली होती.