जोड

नऊ किलोंची सायकल.
तिच्यासाठी मी टूथब्रशची दांडीसुद्धा
अर्धी कापली होती.
आता तिच्या मागच्या आसाला
इनासने बसवलाय आकडा
आणि आकड्याला ट्रेलर:
तंबू, स्टोव्ह, तांदूळ, दोन सुटे टायर,
कुंकळ्ळीत उगाच घेतलेला फणस.

गॅरेजच्या दारात हात पुसत इनास म्हणाला होता,
"ओडटली ती. पूण राबतली?"

करमल घाटाच्या चढावर कळलं नाही.
तिथे फक्त मांड्या होत्या,
सगळ्यात हलका गियर,
आणि मागे रखडलेल्या कदंब बसचा
न वाजलेला हॉर्न.

कळलं उतारावर.
वळणाआधी ब्रेक दाबले
आणि फणस पुढे यायला निघाला.
पातळ चौकट शहारली,
मागचं चाक क्षणभर
माझं नव्हतं.

मग दाबत, सोडत, दाबत
बैलगाडीच्या चालीने
गुळेंपर्यंत.

तिथे कठड्याला टेकून
आकडा चाचपला.
सैल नव्हता.
थरथरत होते ते माझेच हात.

काजू विकणाऱ्या बाईने
ट्रेलरमध्ये डोकावून विचारलं,
"फणस कितल्याक?"

विकायचा नाही म्हटलं.
का, ते मलाही सांगता आलं नसतं.

पुढे काणकोणपर्यंत सपाट आहे, म्हणाली.
नव्हतं.