निळा कागद

अडतीस वर्षं मी दात केले,
लोकांचे.
आधी मेणाचे, शेवटी चिनीमातीचे.
लेओबेनच्या निम्म्या म्हाताऱ्यांनी
माझ्या दातांनी सफरचंदं खाल्ली
आणि रस्त्यात मला ओळख दिली नाही.
देणार कशी? त्यांनी पाहिला तो डॉक्टर.
मी मागच्या खोलीतली.

आता तळघरात, बॉयलरशेजारी,
स्वयंपाकघरातल्या टेबलाला खण करते आहे.
जुना ईस्टरच्या दुपारी हातात आला,
काट्याचमच्यांसकट, पाहुण्यांसमोर.
समोरची फळी अक्रोडाची, बाजूंना स्प्रूस,
कोपऱ्यांना पाकोळीच्या शेपट्या:
कंबरेत निमुळत्या, टोकाला पसरट,
ओढाल तितक्या घट्ट होणाऱ्या.
इंग्रजांना म्हणे यात कबुतर दिसतं.
दिसो. त्यांच्या गोठ्यांत पाकोळ्या येत नसतील.

खतकसानं रेघ ओढली.
शेपट्या आखायला सुरी घेतली; पेन्सिलीची रेघ जाड,
आणि जाड रेघेत चूक आरामात राहते.
टाकाऊ भागावर फुल्या मारल्या.
करवत फुलीच्या अंगानं चालवायची,
रेघ अर्धी खायची, अर्धी ठेवायची,
असं शेजारचा वेंडेलिन सांगून गेला होता.
त्यानं आयुष्यभर छपरं बांधली.
मी मान डोलावली
आणि तिसरा दात
फुलीच्या उलट्या अंगानं कापला.

करवतीला काय. न्याल तिथे जाते.

वेंडेलिन म्हणाला, सरसात भुसा कालव आणि भर.
खण उपसून कोण बघतंय?
माझ्या ओठांवर आलं होतं:
दाताची मागची बाजूही कुणी बघत नाही.
जीभ बघते.

जोडून पाहिलं. अर्ध्यात अडलं.
मोगरी उचलली, खाली ठेवली.
ठोकून बसवलेला दात मला माहीत आहे;
आठवड्यात माणूस गाल धरून परत येतो.

मग वर गेले.
निवृत्तीच्या दिवशी कोटाच्या खिशात
राहून गेलेली एक पुडी होती:
निळा कागद, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ.
दातांत धरायचा आणि म्हणायचं, चावा.
जिथे जास्त, तिथे निळं.

लाकडाला म्हटलं, चाव.
फळ्या दाबल्या, सोडवल्या.
दुसऱ्या दाताच्या गालावर
मोहरीएवढा ठिपका.
एवढ्यासाठी अख्खी सकाळ?
पटाशीनं साल काढली, इतकी हलकी
की बोटावरून फुंकायचीही गरज पडली नाही.
पुन्हा कागद. पुन्हा ठिपका, आता जरा खाली.
असं नऊ वेळा.
बॉयलर दोनदा पेटला, दोनदा विझला.

दहाव्यांदा फळ्या
कुरकुर न करता एकमेकींत गेल्या.
आतली हवा सुस्कारा टाकून बाहेर पडली.
लाकडानं लाकडावर दात धरला,
आता सोडणार नाही.

राहिला तिसरा. त्याच्या कडेला फट,
नखाएवढी.

जुना खण जळणात टाकायला काढला होता.
त्याचा मोडका कोपरा दिव्याखाली धरला,
कसं केलंय बघावं म्हणून.
मागच्या अंगाला, कुणाला दिसणार नाही अशा जागी,
पाचर.
दुसऱ्याच लाकडाची, नासपतीची असावी,
रेषेला रेषा जुळवून बसवलेली,
चमच्यांच्या अंधारात किती वर्षं
कुणाच्याच जिभेला न लागलेली.

कोण होतास रे?
नाव नाही, साल नाही.
फळीच्या तळाशी पेन्सिलीनं फक्त
एक शब्द: मागची.

पाचर अलगद सोडवली.
माझ्या फटीला किंचित जाड होत होती.
निळा कागद घेतला.