मंगळवार, चर्चच्या तळघरात

बारा खुर्च्या, एक हीटर, कॉफीचा थर्मास.
ग्वेंडा म्हणते, हात छातीशी. आता उठा.

लिअँडर उठतो.
चाळीस वर्षं न्यूफाउंडलंडच्या धुक्यात जाळी ओढली त्यानं,
आता एका खुर्चीशी झटापट,
कान लाल होईस्तोवर.
सात. आठ. आठच.
मागच्या महिन्यात पाच होते,
ग्वेंडा वहीत लिहिते.

दुखतं, मी म्हणते.
दुखू दे थोडं. उद्या सकाळपर्यंत
ओहोटीसारखं ओसरलं, तर चाललं.

सेंट जॉन्सच्या मोठ्या डॉक्टरनं
फोटो उजेडापुढे धरून सांगितलं होतं :
हाडावर हाड.
तेवढे दोन शब्द घेऊन मी दोन हिवाळे
जिन्याच्या खालीच झोपले,
वरच्या खोलीतली माझी उशी थंड.

सप्टेंबरात सगळे टेकडीवर गेलो, लाल बेरी वेचायला.
बुटकं झुडूप ते, मातीला चिकटलेलं,
नुसतं वाकून भागत नाही.
मी गुडघे टेकले
ओल्या शेवाळात, बादलीशेजारी,
आणि बादली भरेपर्यंत विसरलेच त्यांना.

मग उठायची वेळ.

लिअँडरनं हात पुढे केला नाही.
शहाणा झालाय तो.
माझ्याकडे पाठ करून, समुद्राकडे बघत
मोठ्यानं मोजू लागला :
एक.