वीस मायक्रोलिटर

कुरियरवाला रमणीक घाम पुसत म्हणाला,
"बेन, सही करो. बरफ तो उडी गयो."
अहमदाबादला कस्टममध्ये चार दिवस,
मग मकरपुऱ्याच्या गोदामात एक आख्खा रविवार.
थर्माकोलच्या पेटीत आता
कोरड्या बर्फाचा एकच खडा, बोराएवढा,
आणि तळाशी चिमटीत मावेल अशी कुपी:
मानवी प्रथिन, रीकॉम्बिनंट,
वीस मायक्रोलिटर.
फक्त संशोधनासाठी. माणसांवर वापरू नये.

माणसाचंच, आणि माणसांवर वापरू नये!
ऐमन हसली. मी नाही.
एकोणचाळीस हजारांची पावती माझ्या हातात
आणि देवधर मॅडम बंगळूरला.

हे कुणाच्या अंगात कधीच नव्हतं.
माणसाच्या मजकुरातला एक तुकडा उचलून
जिवाणूच्या पोटात चिकटवला,
त्यानं तो अर्थ न कळता रात्रभर घोकला.
शेवटाला सहा हिस्टिडिन बांधलेले,
पोहऱ्याला दोर बांधावा तसे,
गाळातून ओढून काढता यावं म्हणून.
काम याचं एवढंच:
डीएनएच्या न संपणाऱ्या ओळीत
आपली आठ अक्षरं हुडकायची,
तिथं बसायचं,
आणि ठरवायचं,
पुढचं वाचायचं की नाही.

"म्हणजे नक्की कसं, ताई?"
ऐमनचं मराठी दांडिया बाजारात शिकलेलं,
माझं गुजराती वाडीच्या नाक्यावर,
दोन्हींना जोडाच्या खुणा.
मी खडू उचलला. ठेवला.

बाबा मस्कतला होते. निळ्या कागदाची पत्रं यायची.
जेवणं झाली की आई मोठ्यांदा वाचायची,
ओळीवर बोट ठेवून.
मध्येच बोट थांबायचं.
ती खोकल्यासारखं करायची,
मग दोन ओळी खाली उतरून पुन्हा सुरू:
"...आणि मुलींना सांग, खजूर पाठवतो."
आम्ही खजुराची वाट बघायचो.

ती गेल्यावर सगळी पत्रं मी वाचली.
पगार चार महिने अडकलेला.
पासपोर्ट मालकाच्या कपाटात.
एकदा नुसतंच: इथं झोप येत नाही, सुमे.
सगळं कागदावर होतंच, पहिल्यापासून.
आमच्या घरात घडलं मात्र
वाचलं गेलं तेवढंच.

हे ऐमनला सांगितलं नाही.
म्हटलं, "ओळीवर बोट ठेवतं, बघ. बस."

संध्याकाळी थंड खोलीत जेल लावली.
पहिल्या खाचेत नुसता डीएनए,
दुसऱ्या खाचेत प्रथिनासकट.
लाईट दोनदा गेली, दोनदा आली.
ऐमननं शेव-उसळ आणली, तरी वेगळी बांधून,
जिन्यात बसून आम्ही ती खाल्ली,
विश्वामित्रीकडून आलेल्या डासांना हाकलत.
जिवंत असेल का?
प्रथिनाला हा प्रश्न लागू नाही.
ऐमननं तीनदा विचारला.

पावणेदहाला, अंधाऱ्या खोलीत, पडद्यावर:
मोकळा डीएनए पळत पळत पार तळाशी.
आणि अर्ध्या वाटेवर, वर,
एक पुसट रेघ.
ज्याला कुणी धरलं
तो मागे राहिला.

"चाललं, ताई!"
चाललं. पण रेघ फिकी.
निम्मं तरी वाटेत मेलं असावं.
तसं मी वहीत लिहिलं, तारीख घातली.
उरलेलं चार नळ्यांत वाटलं,
चार-चार मायक्रोलिटर,
वजा ऐंशीच्या कप्प्यात, देशमुखांच्या उंदरांच्या यकृतामागे.
पुन्हापुन्हा वितळवू नये,
हे ऐमनला मोठ्यांदा वाचून दाखवलं.

तेवढ्यात मॅडमचा फोन.
"काय झालं गं? आलं का? कसं आहे?"
वही उघडी.
ऐमन माझ्या तोंडाकडे बघतेय.
आणि माझं बोट
त्या ओळीवर.