मीठ बघणं

राखेच्या बुधवारी कपाळ पुढे करतानाच ठरवलं:
मटण काय, सगळेच सोडतात;
मी ईस्टरपर्यंत मासळी सोडते.
देवबागेत हे बोलायला छाती लागते.
फादर हसले. समुद्रही हसला असेल.

तिसऱ्या शुक्रवारी
फ्रान्सूच्या ट्रॉलरवरचा धनबीर
तापानं फणफणून जाळ्यांच्या खोपीत पडलेला.
नेपाळातलं पोर,
समुद्र पहिल्यांदा पाहिला तोच पगारासाठी.
तळहात दोरानं सोलून निघालेले,
पेजेला तोंड लावेना. म्हणाला, "माछा."
त्याचा तेवढा एक शब्द मला कळला.

देवळाची घंटा झाली तेव्हा
माझ्या चुलीवर मुडदुशांचं पातळ कालवण रटरटत होतं,
दोन तिरफळं, तिखट बेतानं.
तिकडे क्रूसाची वाट सुरू झाली असेल.
सहाव्या स्थानाशी ती बाई, हातात कापड,
कापडावर उमटलेला चेहरा;
दरवर्षी तिथंच माझे गुडघे दुखायला लागतात.

पण मीठ कोण बघणार?
पळीतला थेंब तळहातावर घेतला, चाटला.
सोळा दिवसांचा उपास जिभेवरून घसरला.
मीठ कमी होतं. घातलं.

काटे काढून भरवत गेले.
हनुवटीवरून ओघळलेलं पंचानं पुसलं.
वाडगं संपलं तशी मान वर करून
खुणेनंच म्हणाला, अजून.

इतक्या वर्षांच्या प्रार्थनेत
मागत आले ती मीच.
माझ्याकडे कुणी काही मागितलं नव्हतं.

रात्री पंचा धुतला,
दिव्यासमोर धरून दोन्ही बाजूंनी पाहिला.
चेहरा कुणाचाच नव्हता.
हळदीचा डाग होता,
तो अजून गेलेला नाही.